कय

दीक्षू, सातवा लागला ना तुला,
म्हणून सांगते. मायला विचारू नकोस.
ती म्हणेल, सगळ्यांचं होतं, तुझंही होईल.
खरंच आहे, पण ऐन वेळी कामाला येत नाही.

मे महिना. पिंपळखुट्याच्या दवाखान्यात
रात्री साडेअकराला पोचलो, सुधाकरच्या मालवाहू ऑटोत,
खाली गादी, गादीखाली कुटाराची पोती.
मडावी सिस्टरनं तपासलं, "चार" म्हणाली,
कागदावर रेघ ओढली.
"दहा व्हाले पाह्यजे. झोपू नको. चाल."

मग व्हरांडा. ह्या टोकाला माठ,
त्या टोकाला लसीकरणाचं पोस्टर,
त्यातल्या बाळाला कुणी पेनानं मिशा काढलेल्या.
माठ ते मिशा, मिशा ते माठ.

मला वाटायचं कळ म्हणजे एकच,
सुरू झाली की बाळ येईस्तोवर थांबत नाही.
तसं नसतं गं.
ती कमरेमागून येते, ओल्या चादरीला पीळ घालावा तशी,
वर चढते, एका जागी उभी राहते,
आणि उतरते. उतरतेच.
"घड्याय पाह्य," सिस्टर म्हणाली,
"एक मिनिट. मिनिट कोनालेबी काढता येते."
मग चार मिनिटं काही नाही.
अगदी काही नाही, दीक्षू!
मी पाणी प्याले, ग्लुकोजचं बिस्किट खाल्लं,
एकदा तर त्या मिशांना हसले.
ह्या चार मिनिटांचं मला कुणी सांगितलं नव्हतं.
सगळ्या जणी फक्त कळेचं सांगतात.

सातावर लाइट गेली. कूलर थांबला.
चार मिनिटांची दोन झाली, मग तीही नाहीत.
श्वास मी छातीतच दाबून धरलेला,
उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण धरावं तसा.
"सोड. फुकनीनं चूल फुकते तसा. लांब."
एकदा फुंकला, दोनदा फुंकला,
तिसऱ्यांदा किंचाळले, बारीक, वरच्या पट्टीत,
आणि लगेच सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंच्या तोंडी ळ नाही.
डोळ्याला त्या डोया म्हणतात, कळेला कय.
मला कळ लिहिता येत होती,
त्यांना कय माहीत होती.
चार बाळंतपणं त्यांची, मागच्या खोलीत,
ओसरीवर माणसं बसलेली, तोंडात पदराचा बोळा,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
मला वाटलं, आता माझ्याही हाती पदर देतील.

त्या उठल्या. माझ्या पाठीशी आल्या.
माकडहाडाच्या जरा वर तळहाताची टाच रोवली.
(तळहातालाही टाच असते, त्या रात्री कळलं.)
कळ चढली की दाबायच्या, उतरली की सोडायच्या.
मी सांगायच्या आधीच त्यांच्या हाताला कळायचं.
"इथंच ना? मले बी इथंच यायची कय."
मग बऱ्याच वेळानं, अंधारात,
"ओरड व. पन खालून ओरड, म्हशीवानी.
मले कोनी म्हनलं नाई ओरड म्हनून."

म्हशीसारखीच ओरडले मी.
दुखणं कमी झालं असं तुला सांगणार नाही.
तेवढंच होतं. फक्त कढईला असतात तसे
त्याला कान फुटले, धरता आलं.

पहाटे पोरगी झाली. ती तू पाहतेच आहेस,
खाटेखाली मांजर शोधते आहे.

एक राहिलं.
दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं उजवं मनगट सुजलं.
आंबेहळद लावून चिंधी बांधली त्यांनी,
तीन दिवस भाकर थापता आली नाही.
बायका आल्या, टोपडं-झबलं देऊन गेल्या,
बाळाचं नाक कोणावर गेलं ह्यावर भांडल्या.
मनगटाचं कुणी विचारलं नाही.

तुझ्या सासूचा हात पाहून ठेव, जड आहे का.
नसेल तर कळव.
मी येते.